मदत हवी आहे: एआय शस्त्रं आणि कलम ३६

पणजीत लॉ करतेय, सोमवारी मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला) आहे, विषय स्वतःच टार्गेट निवडणारे एआय ड्रोन. नवीन शस्त्र कायद्यात बसतं का ते देशाने आधी तपासायचं असं युद्धाच्या नियमांच्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ३६ सांगतं, पण आमच्या केसमधला देश आपल्या भारतासारखाच त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. रेडक्रॉसने जमवलेले रूढ कायद्याचे (करारात नसले तरी देशांच्या प्रथेतून बंधनकारक झालेले) १६१ नियम दोन रात्री बसून चाळले, त्यात ही तपासणी वेगळा नियम म्हणून नाहीच. मार्टेन्स क्लॉज (करारात नियम नसला तरी माणुसकीची तत्त्वं लागू राहतात) माहितीय, तेवढ्याने जज ऐकायचे नाहीत. चॅटबॉटने तर चक्क नसलेला खटला दिला, त्यामुळे ते सुचवू नका प्लीज, पेड डेटाबेसही नाही. मारायचा निर्णय मशीनवर सोडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही बाजू कच्ची राहायला नकोय. तर १९४९ च्या जिनिव्हा करारांच्या सामायिक कलम १ (चारही करारांत सारखंच: करार पाळा आणि पाळले जातील हे बघा) वरून ही तपासणी अशा देशावर बंधनकारक ठरवता येईल का, आणि आधाराला काय दाखवू?