'एक्झॉर्बिटंट' म्हणजे चाकोरीबाहेरचा?

भाडेकरू: घरमालकाने नव्या कराराला दहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. मित्र म्हणाला, "एक्झॉर्बिटंट!" म्हणजे इंग्रजीत भरमसाट. शब्दाचं मूळ पाहिलं तर लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, 'ऑर्बिटा' म्हणजे चाकाने पडलेली वाट. अहो, ही तर आपली चाकोरी! मग 'चाकोरीबाहेरची मागणी' असंच का म्हणू नये?

खोडरबर: नको. चाकोरीबाहेरच्या शिक्षकाचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. मालकाला 'चाकोरीबाहेरचं डिपॉझिट' लिहून पाठवलंत तर तो खूश होईल. सरळ 'अवाच्या सवा' म्हणा.

बांधावरून: खोडरबर, तुम्ही बैलगाडी हाकलेली दिसत नाही. पावसाळ्यात उसाची गाडी चाकोरीतून निसटली की एक चाक चिखलात बसतं, जू तिरकं होतं, बैल गुडघ्यावर येतात. तिथे चाकोरीबाहेर जाण्याचं कौतुक कुणी करत नाही. कौतुक डांबरी रस्त्यावरच्यांनी सुरू केलं. इंग्रजीतही १५व्या शतकात हा शब्द कायद्याच्या भाषेत होता, कायद्याची वाट सोडून गेलेल्या गोष्टींसाठी. पैशाअडक्याच्या, अतिरेकी मागण्यांच्या अर्थाने तो १७व्या शतकात रुळला. (रुळला! हीसुद्धा वाटेचीच भाषा.)

खोडरबर: बैलांबद्दल हार मानली. पण मुळावरून अर्थ ठरवायचा तर 'वाजवी'चं काय करणार? अरबी 'वाजिब' म्हणजे बंधनकारक. भाजीवालीला "वाजवी लाव" म्हणताना आपण तिच्यावर कसलं बंधन घालतो? शब्द जिथून निघाला तिथे राहत नाही. 'एक्झॉर्बिटंट'ला 'अवाजवी' चोख बसतो, नोटिशीतही आणि मंडईतही.

बांधावरून: चोख बसतो, पण चित्र जातं. 'अवाजवी' वाचून डोळ्यांपुढे काय येतं? काही नाही. चाकोरी म्हटलं की निदान चिखल तरी दिसतो.

खोडरबर: डिपॉझिट कमी करून घ्यायला चिखल काय कामाचा?

भाडेकरू: खोडरबर यांचं ऐकून 'मागणी अवाजवी आहे' असा मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं : "आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे एवढंच घेतात." म्हणजे त्याच्या लेखी ती चाकोरीतलीच निघाली. आता आठ महिन्यांवर घासाघीस चालू आहे.