ओकच्या फळीवर क्लॅम्पखाली काळेनिळे पट्टे पडलेत, घासू की अजून काही करू?

अर्धा_सुतार

नमस्कार मंडळी, ओकच्या फळ्या एकमेकांना जोडून टेबलाचा टॉप बनवतोय. फेव्हिकॉल लावून लोखंडी पाइपचे क्लॅम्प रात्रभर आवळून ठेवले आणि सकाळी काढले तर पाइप जिथे जिथे फळीला टेकला होता तिथे आडवे काळपट निळे पट्टे, कोणीतरी शाई सांडावी तसे. आधी वाटलं पाइपचा गंज किंवा ग्रीस लागलं असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसलं तर उलट अजून गडद झाले. मग एका पट्ट्यावर 120 नंबरचा सँडपेपर मारला, फिका पडला पण जात नाहीये, लाकडाच्या रेषांमधे खोल बारीक काळ्या चिरा दिसतातच. टॉप सध्या 18 एमएम आहे, अजून पातळ करायचा नाहीये. वरून तेलाचं फिनिश द्यायचा विचार आहे, आणि तेल लागलं की हे डाग अजूनच उठून दिसणार हे कळतंय. थिनरने जातील का? का दुसरं काही असतं? फोटो टाकलाय खाली.

भुसाभाऊ

थिनर वगैरे काही नाही, रंधा मार. अर्धा एमएम गेल्याने टेबल पडत नाही.

केमिकल_लोच्या

थांबा थांबा, रंधा नका मारू एवढ्यात. फोटो बघितला, हा गंजही नाही आणि ग्रीसही नाही. ओकमधे टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट पदार्थ, भरपूर असतो, फेव्हिकॉल पाण्यातला, म्हणजे क्लॅम्पखाली ओल होती, आणि वर लोखंड. लोखंड, टॅनिन आणि पाणी तिघं एकत्र आले की काळानिळा रंग तयार होतो. तुम्ही शाई म्हणालात ना, तर अगदी बरोबर म्हणालात, जुन्या काळी युरोपात ओकच्या झाडावरच्या गाठींतलं टॅनिन आणि लोखंडाचा क्षार मिसळूनच लिहायची शाई करायचे, शेकडो वर्षं तीच शाई वापरात होती. तुमच्या फळीत तीच तयार झालीय आणि ती वर बसलेली नाही, रेषांच्या नळ्यांमधून आत उतरलीय. म्हणून घासून फिकी होते पण जात नाही, आणि थिनर तर तिला ओळखतही नाही कारण तो तेल, ग्रीस, मेण असल्या गोष्टींसाठी.

यावर औषध एकच, ऑक्झॅलिक ॲसिड. पांढरे खडे किंवा पावडर मिळते. ते लोखंडाला स्वतःकडे ओढून घेतं आणि जे काही बनतं ते पाण्यात विरघळणारं, जवळपास बिनरंगी असतं, पुसून टाकता येतं. लाकडाच्या मूळ रंगाला फारसा धक्का लावत नाही ही त्याची खासियत.

आधी खात्री करून घ्यायची असेल तर एका पट्ट्यावर लिंबाचे थेंब टाका आणि जरा वेळ बघत बसा. सायट्रिक ॲसिड कमजोर आहे पण लोखंडाचा डाग असेल तर थोडा तरी फिका होतोच. काहीच फरक पडला नाही तर डाग दुसऱ्या कशाचा तरी असू शकतो, मग परत बोलू.

अर्धा_सुतार

लिंबू टाकलं, थेंबाखालचा भाग खरंच करडा झाला आणि कडेला काळं तसंच, फरक साफ दिसतोय!! म्हणजे लोखंडच. आता ते ॲसिड किती, कसं, सांगाल का. आणि फक्त पट्ट्यांवर ब्रशने लावू का?

केमिकल_लोच्या

फक्त पट्ट्यांवर अजिबात नको. पट्टा जाईल आणि त्याच्या जागी फिकट पट्टा येईल, कारण ओक हाताळून, उजेडात राहून थोडा रंगलेला असतो आणि ॲसिड तेही थोडं उजळवतं. पूर्ण टॉप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओला करायचा.

एक लिटर कोमट पाण्यात 50 ते 100 ग्रॅम पावडर. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, लोखंडाचं ॲल्युमिनियमचं नाही. आधी पाणी, मग त्यात पावडर. लावायला स्पंज किंवा नायलॉनचा ब्रश घ्या, ब्रशच्या दांड्यावरची पत्र्याची पट्टी लोखंडी नाही ना ते बघा, नाहीतर एकीकडे डाग काढताय आणि दुसरीकडे नवे पाडताय. लावून सोडा, पट्टे डोळ्यांदेखत फिके होताना दिसतात, सुकत आलं की जिथे काळं राहिलंय तिथे परत लावा. एका फटक्यात नाही गेलं तर घाबरू नका, दुसऱ्यांदा बहुतेक जातं.

आणि हे जरा सिरियसली घ्या, ऑक्झॅलिक विषारी आहे. पोटात गेलं तर किडनीची वाट लावतं. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल. सगळ्यात जास्त लोक गंडतात ते नंतर, सुकल्यावर लाकडावर बारीक पांढरे खडे राहतात आणि लोक त्यावर सरळ पेपर मारतात, ती धूळ नाकात घशात जाते आणि मग शिंका खोकला थांबत नाही. आधी धुऊन काढायचं, नंतर पेपर, तोही मास्क लावून.

पॉलिशताई

वरचं सगळं बरोबर, थोडी भर घालते. ॲसिड लावायच्या आधीच टॉप 150 पर्यंत घासून तयार ठेवा. ॲसिडचा परिणाम फार खोल जात नाही, नंतर जोरात घासलंत तर खालचा न उजळलेला थर वर येतो आणि परत ठिपके ठिपके. शेवटी पाण्याने रेषा फुगून उभ्या राहतात त्या फक्त 220 ने हलक्या हाताने बसवायच्या, बास.

दुसरं म्हणजे 18 एमएमचा टॉप एकाच बाजूने भिजवला तर वाकतो. खालची बाजू पण साध्या पाण्याने ओली करा आणि सुकताना खाली पट्ट्या ठेवून दोन्ही बाजूंनी हवा लागू द्या. उन्हात उभा करून ठेवायचा मोह होईल, नका करू. आणि जोड पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत, ओलं फडकं फिरवायचं, डबकं नाही साचू द्यायचं.

धुताना शक्यतो डिस्टिल्ड पाणी. कठीण पाण्यात कॅल्शियम असतं, ते ऑक्झॅलिकबरोबर मिळून पांढरी साय बसते लाकडावर, आणि ती पाण्यात विरघळत नाही त्यामुळे मग तुम्ही धूत बसा.

भुसाभाऊ

आणि धुतल्यावर खायच्या सोड्याचं पाणी मारायचं, ॲसिड मारायला. हे कोणी सांगितलंच नाही.

पॉलिशताई

भाऊ मुद्दामच नाही सांगितलं. ओकसारख्या टॅनिनवाल्या लाकडाला अल्कली (सोडा, अमोनिया असलं ॲसिडच्या उलट काहीही) लागली की ते स्वतःच काळवंडतं, अमोनियाची धुरी देऊन ओक मुद्दाम गडद करतात तो याच तत्त्वावर. अगदी पातळ सोडा चालून जातो पण हात जड असेल तर पिवळट तपकिरी छटा येते आणि मग परत ॲसिड. मी तरी नुसत्या स्वच्छ पाण्याने दोन तीन वेळा, दर वेळी नवीन फडक्याने पुसते. अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर तर या लाकडाच्या जवळपासही नको.

भुसाभाऊ

बरं, मानलं. पण रंध्याची बाजू पण कोणीतरी घ्यायला हवी. करवतीच्या पात्याने जळून पडलेली तपकिरी खूण असेल तर ती कुठलंच ॲसिड काढणार नाही, तिथे लाकूडच करपलंय, स्क्रेपर (लाकूड खरवडायचं धारदार पातं) किंवा पटाशीची धार हाच उपाय. आणि अर्ध्या, तुझ्या फोटोत जोडाच्या बाजूला जो थोडा चकचकीत फिकट भाग दिसतोय ना, तो डाग नाही, तो फेव्हिकॉल आहे. आत्ता दिसतोय एवढासा, तेल लावलंस की तिथे तेल शिरणारच नाही आणि पांढरट ढग दिसेल. पूर्ण टॉपवर टर्पेंटाईनचं फडकं फिरव, जिथे जिथे डिंक आहे तिथे लगेच फिकट दिसतं, पेन्सिलने गोल कर आणि स्क्रेपरने ते तेवढं काढ. पुढच्या वेळी ओघळ आला की ओल्या फडक्याने पुसू नको, त्याने डिंक पातळ होऊन रेषांच्या भोकांत जातो, ओकची भोकं तर केवढी मोठी. तो रबरासारखा होईपर्यंत थांब आणि पटाशीने उचल, सालासारखा निघतो अख्खा.

आणि हे सगळं ॲसिडच्या आधी. डिंकाखाली ॲसिड पोचणार नाही.

वेळमिळेलतेव्हा

इथेच विचारतो, वेगळा धागा नको. माझ्याकडे पाइनच्या फळ्या आहेत त्यात निळसर करडे पट्टे आहेत, क्लॅम्प वगैरे कधी लावलाच नाही. ऑक्झॅलिकने जातील का? शिवाय एका फळीवर बॉलपेनने आखणी झालीय ती पण पुसली जात नाहीये.

केमिकल_लोच्या

पाइनमधे टॅनिन नगण्य, त्यामुळे तो लोखंडाचा डाग असायची शक्यता कमी. बहुतेक बुरशी आहे, लाकूड कापल्यावर वेळेत सुकलं नाही की बाहेरच्या कच्च्या भागात शिरते. लाकूड त्याने फारसं कमजोर होत नाही पण रंग आतपर्यंत गेलेला असतो. ऑक्झॅलिकचा उपयोग नाही. क्लोरीनच्या ब्लीचने वरवर फिका पडतो, आतला राहतो. मी तुमच्या जागी असतो तर त्या फळ्या आतल्या बाजूला वापरल्या असत्या किंवा निळा दिसू दिला असता, वाईट नाही दिसत.

बॉलपेनला स्पिरिट. कानात घालायच्या कापसाच्या काडीने फक्त रेघेवर, काडी फिरवत फिरवत, दर वेळी कोरडं टोक. फडक्यावर ओतून घासलंत की शाई पसरून निळा ढग होतो आणि मग तो ढग काढायचा. पेनने दाबून जी घळ पडलीय ती मात्र राहील, तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवा, फुगून वर येते बरीचशी.

आणि दोघांनाही सांगतो, क्लोरीनचं ब्लीच आणि ऑक्झॅलिक एकमेकांवर कधीही नाही. ब्लीचमधे ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. एक करून बघितलं, नाही जमलं, म्हणून लगेच दुसरं ओतलं असं करू नका, मधे धुऊन पूर्ण सुकू द्या. बाजारात तो दोन बाटल्यांचा वुड ब्लीच पण येतो, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा, तो लाकडाचा मूळ रंगच उडवतो. डागासाठी नाहीच तो, अख्खं लाकूड पांढरट करायचं असेल तरच.

अर्धा_सुतार

मंडळी झालं काम!! आधी टर्पेंटाईन फिरवलं तर भाऊ म्हणाले तसे डिंकाचे केवढे ठिपके निघाले, मला एकच वाटत होता. ते स्क्रेपरने काढले, मग ॲसिड. पहिल्याच वेळी पट्टे करडे झाले, दुसऱ्यांदा गायब. फक्त एका ठिकाणी, जिथे मी आधी 120 मारला होता, तिथे सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके परत परत येतायत. पुसलं की जातात, पाणी सुकलं की हजर.

केमिकल_लोच्या

तिथे लोखंडाचे कण अडकलेत भोकांत. त्याच टेबलावर ग्राइंडर चालवता का? ठिणग्या म्हणजे लोखंडाचाच चुरा, तो पेपरखाली येतो आणि पेपर त्याला आत दाबतो. स्टील वूल (लोखंडी तारांचा घासायचा बोळा) वापरलं असेल तरी हेच होतं, त्याचे तुटलेले धागे राहतात. कण तिथे असेपर्यंत प्रत्येक ओलीला नवा ठिपका. कोरडं असताना पितळी किंवा नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने झाडा, व्हॅक्यूम लावा, चुंबक फिरवून बघा, मग परत ॲसिड. आणि ओकवर स्टील वूल बंदच करा, त्याऐवजी नायलॉनची घासणी.

अर्धा_सुतार

ग्राइंडर शेजारीच आहे हो 😅 हलवतो. शेवटचा प्रश्न, क्लॅम्प बदलू का? आणि पाय बसवायला लोखंडी अँगल आणलेत.

पॉलिशताई

क्लॅम्प तेच ठेवा, मधे बटर पेपर किंवा प्लास्टिकची पट्टी टाका, पाइपवर मास्किंग टेप गुंडाळलात तरी चालेल. लाकूड आणि लोखंड एकमेकांना ओले असताना टेकले नाही पाहिजेत एवढंच.

अँगल खालच्या बाजूला आहेत म्हणून दिसणार नाहीत, पण त्यांना आधी रंग मारून पूर्ण सुकवा आणि स्क्रू स्टेनलेसचे घ्या. पितळी घेणार असाल तर ओक कडक आहे, आधी लोखंडी स्क्रूने भोकात आटे पाडून घ्या आणि मग पितळी बसवा, नाहीतर डोकंच तुटतं. आणि अँगलची भोकं लांबट करून घ्या, टॉप रुंदीत हलतो, घट्ट आवळलात तर चीर पडेल.

भुसाभाऊ

तेल लावल्यावर फोटो टाक. पट्ट्यांच्या जागी जवळून काढ, लांबून सगळेच चांगले दिसतात.