बाळंतिणीचं पाणी, शेगडी आणि 'दूध आटलं': काय पाळायचं, काय सोडायचं?

कृष्णाकाठ

बहिणीचं सिझर होऊन आज १२ दिवस झाले. माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या गावात आहे. बाळ जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम होतं, चौथ्या दिवशी २ किलो ६८०, आणि आज उपकेंद्रात २ किलो ८६० भरलं. फक्त अंगावरचं दूध चालू आहे.

घरात येणारी प्रत्येक बाई काहीतरी नवं सांगते. पाणी दिवसाला दोन-तीन फुलपात्रीच, नाहीतर टाके भरत नाहीत आणि पोट सुटतं. डाळी-पालेभाज्या वातूळ, म्हणून बंद. फक्त भाकरी, तूप, लसूण आणि अळिवाची खीर. दारं-खिडक्या लावून शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी. बाळ संध्याकाळी सारखं रडतं आणि स्तन मऊ लागतात, म्हणजे दूध आटलं, वरचं सुरू करा. आता मध आणि गुटीही सुरू करायची म्हणताहेत.

आई आणि मावशी मायेनंच करतात, वाद घालायचा नाही. पण नाही म्हणायचं तर कारण सांगता आलं पाहिजे.

पाळणा

आधी वजन बघा. चौथ्या दिवसापर्यंत २२० ग्रॅम घटलं, म्हणजे साधारण साडेसात टक्के. पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत घट नेहमीचीच. त्यापुढे गेली की दूध पाजण्यावर नीट लक्ष द्यायचं, आणि दहाच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवायचंच. पुढच्या आठ दिवसांत बाळ १८० ग्रॅम वाढलं, म्हणजे रोज २२-२३. या वयात रोजची २० ते ३० ग्रॅम वाढ हवी असते. दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माचं वजन भरून निघायला हवं, तेही होताना दिसतंय. दूध पुरतंय.

स्तन मऊ का पडले? तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो दगडासारखा कडकपणा येतो, त्यात दुधाबरोबर सूजही असते. ती दुसऱ्या आठवड्यात उतरते आणि बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार व्हायला लागतं. मऊ स्तन म्हणजे रिकामे स्तन नव्हेत. संध्याकाळी तास-दोन तास सारखं प्यायला मागणं आणि किरकिर करणं हेही बहुतेक बाळं करतात. तेव्हा मागेल तितक्या वेळा पाजायचं.

याच वेळी वरचं दिलं की फसगत होते. बाटलीभर पावडरचं दूध पोटात गेलं की बाळ तीन-चार तास झोपतं, तेवढ्या वेळात स्तन भरून राहतात, आणि भरलेल्या स्तनात दूध बनण्याचा वेग मंदावतो. चार-पाच दिवसांत दूध खरंच कमी होतं आणि सगळे म्हणतात, 'बघा, आधीच सांगितलं होतं.'

रोज लंगोट मोजा. २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट रंगाची लघवी आणि तीन-चार वेळा पिवळी पातळ शी, इतकं पुरे. पाचव्या दिवसानंतरही शी काळी-हिरवी असेल, लघवीचा विटकरी डाग पडत असेल किंवा बाळ पाजायलाही उठत नसेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. रडण्यावरून दूध मोजू नका.

पाजताना पकड बघा. बाळाचं पोट आईच्या अंगाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडीसमोर. तोंड जांभईइतकं मोठं उघडलं की बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे ओढायचा नाही. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि बोंडीभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसतो, खाली कमी. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही दुखत राहिलं तर पकड चुकली. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. बोंडीला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा इथेच. सिझरच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळ काखेखाली घेऊन त्याचे पाय आईच्या पाठीकडे ठेवा.

आणि कधी वरचं देण्याची खरंच वेळ आली, तर आधी स्वतःचंच दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने द्या.

तूप-मेतकूट

पाणी कमी प्यायल्यानं टाके लवकर भरत नाहीत. उलट शी कडक होते, कुंथावं लागतं आणि ताण टाक्यांवर येतो. लघवीला जळजळही सुरू होते. रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध अंगातून जातं, तेवढं भरून यायला हवं. प्रत्येक वेळी पाजताना शेजारी पेलाभर पाणी ठेवा. ताक, सार, पेज धरून दिवसाचं अडीच-तीन लिटर होतं. तहानेपेक्षा जास्त प्यायल्यानं मात्र दूध वाढत नाही. पोट सुटतं ते ताणलेल्या स्नायूंमुळे, आणि गर्भाशयालाच पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात.

डाळी बंद करणं मला सर्वांत नुकसानीचं वाटतं. पहिल्या सहा महिन्यांत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार रोज ६०० किलोकॅलरी आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिनं जादा लागतात. भाकरी-तुपानं कॅलरी भरतील, प्रथिनं कशी भरणार? आईच्या पोटातला गॅस दुधात उतरत नाही. मुगाचं वरण, मेथी, शेपू, चाकवत सुरू करा. खात असतील तर अंडं, मासे. तिला स्वतःला एखादी गोष्ट जड वाटली तर तेवढीच सोडा.

अळीव चालू द्या, त्यात लोह चांगलं असतं. चमचाभर अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवून मग खीर करा. पण लोहाची गोळी खिरीबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका. दूध आणि चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची दोन तास अंतर ठेवून. दोन्ही गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या आहेत.

सुईणघर

शेगडी आजच बंद करा. कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, धूर दिसत नाही. माय-लेकरू झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. धुरीनं बाळाच्या नाजूक श्वासनलिकेला त्रास होतो. ऊब हवी, हा मुद्दा खरा आहे. त्यासाठी टोपी, मोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरलेलं बाळ पुरतं. कंबर शेकायची तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून. सिझरच्या व्रणावर शेक नको: तिथे बधिरपणा असतो, भाजलेलं कळत नाही.

सव्वा महिना विश्रांती म्हणजे कामातून सुट्टी, खाटेवर पडून राहणं नव्हे. सिझरनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून घरातल्या घरात चालतं राहायचं. पोट बांधायचं तर सैल, उठता-बसताना आधारापुरतं.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, लिंबाएवढी गाठ पडणं, १००.४ किंवा जास्त ताप, टाक्यातून पू, एकाच पोटरीला सूज-दुखणं, दम लागणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं तर १०२ किंवा १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

कृष्णाकाठ

खूप आभार. शेगडी बाहेर काढली. गुटी आणि मधाचं राहिलं. 'आमच्या सगळ्यांना दिली' याला काय उत्तर द्यावं?

पाळणा

मधात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या वाढतात आणि स्नायू लुळे पडतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरसुद्धा नको.

गुटीत मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ वगैरे सहाणेवर उगाळतात. किती वेढे, यावर मात्रा ठरते. हात बदलला की मात्रा बदलते. जायफळाने बाळ गुंगतं, शांत वाटतं आणि एक-दोन वेळा पाजणं चुकतं. शिवाय ओली सहाण आणि न उकळलेलं पाणी यांतून जुलाब होतात. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नाही.

मावशींच्या हातात दुसरं काम द्या: रोजची हलक्या हाताची मालिश. नाका-कानात तेल मात्र नको, आणि नाळ पडलेली नसेल तर तिथेही काही लावायचं नाही. दूध पाजल्यावर ढेकर काढणं आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटचे थेंबही त्यांच्याकडेच सोपवा.

तूप-मेतकूट

एक विचारायचं राहिलं असेल, तरी सांगते. 'पाजतीये तोवर दिवस जात नाहीत' हे तीन अटी एकत्र असतील तरच: पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, आणि दिवसा चार व रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता फक्त अंगावरचं पाजलं जातंय. एकही अट सुटली की भरवसा संपला. पाळी येण्याआधीच बीज सुटतं, त्यामुळे पाळीची वाट बघून चालत नाही. सिझरच्या वेळी तांबी बसवलेली नसेल तर सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हाच विचारा.