मदत हवी आहे: कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव) आतली जमीन घेतोय, वाटेचा हक्क कसा तपासावा?

मलप्रभाकाठ:
१ एकर १० गुंठे रान आहे. डांबरी रस्ता आणि या रानाच्या मधे दुसऱ्याचं शेत. त्याच्या बांधाकडेनं ८ फुटी गाडीवाट चालू आहे. विकणारे म्हणतात, वहिवाटीची वाट आहे, कोण अडवत नाही. उताऱ्यावर वाट नाही, ई.सी.तही (जमिनीवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा दाखला) नाही. पुढं घर बांधायचंय. महाराष्ट्रातले पाहुणे सांगतात, कलम १४३ खाली तहसीलदार वाट देतात. इसार देऊ का?

बांधकरी:
इसार थांबवा. १४३ हे महाराष्ट्राच्या महसूल संहितेतलं कलम, आपल्याकडं लागू नाही.

आधी भूमापन खात्यातून गावनकाशा आणि मधल्या सर्व्हे नंबराच्या टिपणाची (मूळ मोजणीच्या कच्च्या नकाशाची) नक्कल काढा. वाट नकाशात असेल, किंवा त्या नंबरात ‘ब’ खराबा (सार्वजनिक वापराला राखलेली जागा) म्हणून वाटेचं क्षेत्र धरलेलं असेल, तर ती सार्वजनिक. मालकाला बंद करता येत नाही. ‘अ’ खराब्याचा (नुसती नापीक जागा) इथं उपयोग नाही.

नकाशात नसेल तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याच्या हक्काचा. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्कानं वापर दाखवावा लागतो. शेजाऱ्याला विचारून, त्याच्या परवानगीनं जात असाल तर ती वर्षं मोजत नाहीत. लोक नेमके इथंच अडकतात, कारण गावात चांगुलपणानं दिलेली वाट आणि हक्काची वाट दिसायला सारखीच. दुसरा मार्ग गरजेच्या वाटेचा: दोन्ही रानं पूर्वी एकाच मालकाची होती आणि वाटणीत किंवा विक्रीत तुटली, हे फेरफारातून सिद्ध करा. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुनी वाटणीपत्रं मराठीत, काही मोडीतही सापडतात, वाचून घ्या. मात्र दुसरीकडून रस्ता मिळाला की गरजेचा हक्क संपतो.

मलप्रभाकाठ:
विकणाऱ्यानं खरेदीपत्रात ‘वाटेच्या हक्कासह’ लिहून दिलं तर?

बांधकरी:
त्याच्याकडं जेवढा हक्क आहे तेवढाच तो देऊ शकतो. सही मधल्या शेताच्या मालकाची हवी. खातं एकत्र असेल तर सगळ्या हिस्सेदारांची. नोंदणीकृत दस्त करा. त्यात सर्व्हे नंबर, चतुःसीमा, रुंदी, लांबी, मोजणीचा नकाशा आणि ‘वारसांवर व पुढच्या खरेदीदारांवर बंधनकारक’ हे शब्द घाला. पाण्याची पाईप, विजेचे खांब, बांधकामाचे ट्रक वेगळे लिहा. बैलगाडीच्या वहिवाटीवर लेआउटची वाहनं नेली तर शेजारी बोजा वाढवला म्हणून हरकत घेतो, आणि ती टिकते.

गुंठेवाला:
तेवढी पट्टी विकतच मिळाली तर उत्तम. १२ फूट रुंद, ३६३ फूट लांब म्हणजे बरोबर ४ गुंठे. त्यासाठी ११ई स्केच (सर्व्हे नंबराचा तुकडा विकण्याआधीचा मोजणी नकाशा) लागेल. मालकानं आधी मोजणीचा अर्ज घालावा. बिनशेती करून प्लॉट पाडायचे असतील तर ८ फुटांवर मंजुरीची आशा धरू नका.

बांधकरी:
बरोबर. आणि चालू वाट कुणी चर मारून अडवली तर गप्प बसू नका. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून वापर चालू ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, पण बारमाही वाट असेल तर मागच्या ३ महिन्यांत ती वापरलेली असावी लागते. कायमचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो. तिथंही वहिवाटीचा दावा अडथळ्यापासून २ वर्षांच्या आत घालावा.