शब्दचर्चा : पाप जगात ‘शिरले’, तर मग ते ‘मूळ’ कसं?

खानापूरकर :
परवा बेळगावात कॅम्पातल्या एका स्नेह्यांकडं नातवाचा बाप्तिस्मा होता. चर्चमधलं आटोपून घरी जेवायला बसलो. सोबत आमची आई होती. तिनं विचारलं, “एवढ्या थंडीत लेकराच्या डोस्क्यावर पाणी कशाला ओतलं?” यजमानांचे काका म्हणाले, “मूळ पाप धुवायला, आजी.” आई बाळाकडं बघून म्हणाली, “पाप! दातबी न्हाईत की अजून त्याला.”

आता आमच्या भागातल्यांना कळलंच असेल. आईचं ‘पाप’ कानडीतलं, म्हणजे ‘बिचारं गं!’ काकांना वाटलं, म्हातारी धर्मावर शंका काढतेय. त्यांनी भात निवेपर्यंत तिला आदाम-हव्वा, म्हणजे देवानं घडवलेली पहिली दोन माणसं, समजावून सांगितले. आई मान डोलवत राहिली.

माझा प्रश्न ‘मूळ’वर आहे. मूळ पाप म्हणजे पहिलं पाप, की माणसाच्या मुळातच असलेलं पाप? घरी येऊन मराठी बायबल उघडलं, तर ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रात (५:१२) ‘एका माणसाच्या द्वारे पाप जगात शिरले’ असं आहे. जे शिरलं ते मुळातलं कसं?

वडगावची :
आमच्याकडं ‘मूळ’ म्हटलं की आधी मूळ नक्षत्र, नाहीतर माहेरचं मूळ! पण ‘शिरलं’ म्हणजे काय ते आम्हाला विचारा. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं. ‘येतं’ असं कुणी म्हणत नाही. पाट काढून आपण आणलेलं पाणी ‘येतं’, न बोलावता घुसलेलं ‘शिरतं’.

निपाणीचा मास्तर :
ताई, तुमच्या नाल्यानं अर्धं काम केलं. शिरणारी वस्तू बाहेरची असते आणि ती नको असते. गुरं पिकात शिरतात, चोर घरात शिरतो. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या, पहिल्या अध्यायात देव एकेक गोष्ट घडवतो आणि ती चांगली आहे असं पाहतो. म्हणजे घर आधी चांगलं होतं, वाईट नंतर शिरलं. ख्रिस्ती मताचा सगळा भार या क्रमावर आहे. जगाच्या घडणीतच चांगलं आणि वाईट अशी दोन तत्त्वं समोरासमोर उभी आहेत, हे मत चर्चनं कधी मान्य केलं नाही. म्हणून ‘मूळ’ या शब्दावर माझा राग आहे. तो ऐकून मराठी माणूस ‘मुळातच पापी’ असा अर्थ घेतो, आणि तो नेमका उलटा.

हा शब्द लॅटिन ‘पेक्कातुम ओरिजिनाले’वरून आलाय आणि त्यामागं ख्रिस्ती धर्मविचारक संत ऑगस्टीन (३५४–४३०) आहेत. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, जिथं सापाचं ऐकून आदाम-हव्वेनं देवानं मना केलेलं फळ खाल्ल्याची गोष्ट येते, तिथं ‘पाप’ हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत. देव त्याला बजावतो की पाप दाराशी टपून बसलंय. तिथंही दारच!

सफरचंदही त्या गोष्टीत नाही हं. नुसतं बऱ्यावाईटाचं ज्ञान करून देणाऱ्या झाडाचं फळ. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे वाईट आणि, ‘मा’ लांबवला तर, सफरचंदही. चित्रकारांना ते सोयीचं पडलं असावं.

खानापूरकर :
सर, एक अडतंय. पाप बाहेरून शिरलं म्हणता. पण साप तर आतच होता! देवानं केलेल्या वनचरांतलाच तो, फक्त ‘धूर्त’. मग बाहेर कुठलं?

निपाणीचा मास्तर :
चांगलं धरलंत. उत्पत्तीत साप म्हणजे नुसता सापच आहे. त्याला ‘दियाबल’, ‘सैतान’ म्हटलंय ते थेट प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, बाराव्या अध्यायात. आणि सैतान तरी कुठून आला? १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेनं, म्हणजे चर्चच्या धर्मसभेनं, लिहून ठेवलं की सैतानालाही देवानं चांगलाच निर्माण केला होता, तो आपल्या करणीनं वाईट झाला. म्हणजे कितीही मागं गेलात तरी वाईटाचा वेगळा कारखाना सापडत नाही. चांगल्याचंच नासलेलं सापडतं. दूध नासतं तेव्हा ‘नास’ नावाची वस्तू कुणी बाहेरून आणून टाकत नाही. ऑगस्टीनही असंच म्हणतात : वाईट ही वस्तू नव्हे, चांगल्यात पडलेली उणीव. भोक कापडाशिवाय राहू शकत नाही, तसं.

वडगावची :
मग मास्तर, तुमचंच ‘शिरलं’ बुडालं की! भोक कसं शिरेल?

निपाणीचा मास्तर :
रात्रभर यावर विचार केला, हसू नका. मराठीत वस्तू नसलेल्या गोष्टीही शिरतात. अंगात आळस शिरतो, घरात अबोला शिरतो, मनात संशय शिरतो. यातलं काहीही पिशवीत भरून आणता येत नाही. आणि साप पहिलं काय करतो बघा. फळ हातात देत नाही, जबरदस्ती करत नाही. नुसतं विचारतो : बागेतल्या कुठल्याच झाडाचं फळ खाऊ नका, असं देवानं खरंच सांगितलंय का? मनाई एकाच झाडाची होती, त्यानं ती सगळ्या झाडांवर पसरून विचारली. हव्वेनं त्याला दुरुस्त केलं खरं, पण दुरुस्त करताना तिनंही पदरचं थोडं घातलं : त्या झाडाला शिवूही नका. देवाच्या आज्ञेत ते नव्हतं. संशय शिरला तो इथं. फळ पुढं काही ओळींनी.

म्हणून मराठी भाषांतरकारानं ‘आले’ किंवा ‘उत्पन्न झाले’ न लिहिता ‘शिरले’ लिहिलं, त्याला माझा नमस्कार.

लोंढ्याची :
मी घरात कोंकणी बोलणारी कॅथलिक, चर्चमध्ये कोंकणी आणि मराठी दोन्ही ऐकते. आमच्याकडं ‘मूळ पातक’ म्हणतात. कुणालाही त्यातून ‘मुळातच वाईट’ असं वाटत नाही, कारण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात अर्थ घोटून घेतलेला असतो. मास्तरांचा राग बाहेरच्या वाचकाच्या बाजूचा आहे, तेवढा ठीक.

पण तुम्ही सगळे क्रियापदाशी खेळताय तर खरं क्रियापद राहून गेलं. पाप ‘करतात’ आणि पाप ‘लागतं’. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीत स्पष्ट आहे की मूळ पाप हे केलेलं नव्हे तर जडलेलं, कृती नव्हे तर अवस्था. बाळानं काही केलंय असं कुणीच म्हणत नाही. काकांनी आजींना ‘लागलेलं’ एवढंच सांगितलं असतं तर भात निवला नसता.

वडगावची :
सुतकासारखं? भाऊकीत कुणी गेलं की आपण काही न करता लागतं?

लोंढ्याची :
लागतं तसंच, पण दहा दिवसांनी आपोआप फिटत नाही. मला वडिलांच्या कर्जाचं उदाहरण जवळचं वाटतं. उताऱ्यावर बोजा चढलेला असतो, मुलानं एक रुपया उचललेला नसतो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या मराठी प्रार्थनेतही ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असंच आहे.

निपाणीचा मास्तर :
ताई, ‘लागणे’ मान्य, चुकलो. कर्जाच्या उदाहरणावर मात्र जपून. वारशानं दोषही येतो की नुसता बिघाड आणि मरण, यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. पौलाच्या त्या ओळीत ग्रीकमध्ये साधारण ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असं आहे, आपलं मराठी बायबलही तसंच म्हणतं. ऑगस्टीनसमोरच्या लॅटिन पाठात ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असं वाचलं गेलं, म्हणजे आदामाच्या पोटात आपण सगळेच होतो. एका शब्दयोगी अव्ययानं केवढा फरक! पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस आदामाचा दोष वारशानं येतो असं मानत नाहीत. मरण आणि दुबळेपण येतं, एवढंच मानतात. तुमच्या भाषेत, बोजा नव्हे, पडीक पडलेलं रान वाट्याला आलं.

आणि हे आपल्या संचितासारखंही नव्हे, कुणीतरी ते लिहिणारच म्हणून आधीच सांगतो. संचित आपलंच, मागच्या जन्माचं. इथं मागचा जन्म नाही, मागचा माणूस आहे.

खानापूरकर :
सगळ्यांचे आभार. आईला ‘शिरलं’ आणि ‘लागलं’ दोन्ही सांगून बघितलं. ‘लागलं’ तिला लगेच पटलं. म्हणाली, “मग तसं सांगायचं की. मी आपली त्या पोराला थंडी वाजतीया म्हणून पाप म्हटलं.”

मास्तर, हे ‘बिचारं’वालं ‘पाप’ निपाणीत चालतं का?

निपाणीचा मास्तर :
आमच्या गल्लीत तरी नाही ऐकलं. माझी मावशी शहापूरची, तिच्या तोंडात मात्र दिवसातून दहादा. मांजर भिजलं तरी ‘पाप’.