प्लेटिंगला रोज दोन टँकर पाणी जातंय, आरओ बसवू का?

अंबडचा_प्लेटर
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत वडिलांचं छोटं प्लेटिंगचं (धातूच्या पार्टवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचं) युनिट आहे, गेल्या दिवाळीपासून मी बघतो. निकेल-क्रोमची हाताने चालणारी जिग लाईन (जिग म्हणजे पार्ट अडकवून टाकीत बुडवायची फ्रेम) आणि ॲसिड झिंकची एक बॅरल (छोटे पार्ट भरून फिरवायचं पिंप), बस. एमआयडीसीचं पाणी पुरत नाही म्हणून वरून रोज दोन टँकर घेतो, आणि तेवढंच घाण पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला) जातं, ती टाकी दुपारी तीनलाच काठोकाठ. एक सप्लायर आरओ बसवा म्हणून मागे लागलाय, म्हणतो सगळं पाणी परत वापरता येईल. कोटेशन बघून पप्पांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. कोणी बसवलाय का? खरंच पाणी वाचतं का?

जुना_जिगवाला
आरओचं नंतर बघू, आधी सांगा निकेलनंतर धुवायच्या टाक्या किती आणि त्यात पाणी कसं सोडता? माझा अंदाज, एकच टाकी आणि वरून नळ दिवसभर चालू. अर्ध्या इंची नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला १५-१८ लिटर सहज जातं, बादली लावून मोबाईलवर वेळ मोजा, आठ तासाचा हिशोब केलात की तुमचा एक टँकर तिथेच सापडेल.

आता घरी भांडी विसळतात ते आठवा. दुष्काळात आमची आई दोन घमेली ठेवायची, पहिल्यात साबण जायचा, दुसऱ्यात स्वच्छ, आणि पहिलं गढूळ झालं की ते झाडांना टाकून दुसऱ्यातलं पाणी पहिल्यात. नवीन पाणी फक्त शेवटच्या घमेल्यात. प्लेटिंगमध्ये ह्यालाच काउंटर फ्लो म्हणतात, माल पुढे जातो आणि पाणी मागे येतं. हिशोब बघा. जिगबरोबर तासाला समजा ४ लिटर निकेलचं पाणी बाहेर येतंय आणि ते हजारपट पातळ करायचंय. एकाच टाकीत करायला गेलात तर तासाला ४००० लिटर लागेल. दोन टाक्या काउंटर फ्लोने लावल्या की साधारण १३० लिटर, तीन लावल्या तर ४०. हे कागदावरचं झालं, प्रत्यक्षात पाणी नीट मिसळत नाही म्हणून दुप्पट धरा, ब्लोअरची हवा सोडा खालून. तरी कुठे ४००० आणि कुठे २६०! जुन्या टाकीत मधे पार्टिशन घातलं तरी काम होतं, फक्त जिग मावली पाहिजे.

ईटीपीवाली
जिगवाले काका बरोबर आहेत पण अर्धंच सांगितलंत 🙂 मी ईटीपी चालवते म्हणून दुसरी बाजू. नुसतं पाणी कमी केलं तर धातू तेवढाच राहतो, म्हणजे माझ्याकडे कमी पण दाट पाणी येतं, स्लज (गाळ) तितकाच, केमिकल जवळपास तितकंच. खरा फायदा पार्टला चिकटून येणारं ते ४ लिटरच २ लिटर करण्यात आहे. म्हणजे निथळू द्या! जिग बाथवरच (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीवरच) १०-१५ सेकंद धरा. आता जिगवर पैसे मिळणारा पोरगा १५ सेकंद थांबणार नाही हे मलाही माहितीये, त्याला ओरडून काही होत नाही, टाकीवर एक आडवा पाईप लावून द्या, ही जिग तिथे अडकवायची आणि तेवढ्यात दुसरी उचलायची. पार्टमधे खोलगट भाग असेल तर जिगवर लावताना तोंड खाली. बॅरल असेल तर वर काढून हवेतच दोन फेरे फिरवा.

निकेलनंतरची पहिली टाकी वाहती ठेवूच नका, साचलेली ठेवा. बाथ ५५-६० डिग्रीला असतो, रोज पातळी उतरते, ती भरायला ह्याच टाकीतलं पाणी घ्या, महाग निकेल सल्फेट गटारात जायचं वाचतं. ह्या टाकीला मात्र बोअरचं जड पाणी नको, कॅल्शियम बाथमध्ये साठत जातं आणि प्लेटिंग खरखरीत येतं. झिंकचा बाथ थंड असतो, तिथे पातळी फारशी उतरत नाही म्हणून ही युक्ती तिथे फार चालत नाही.

जुना_जिगवाला
मान्य ताई. अजून एक, पिकलिंगनंतरचं (ॲसिडमध्ये गंज काढल्यानंतरच्या धुण्याचं) ॲसिडिक पाणी अल्कली क्लीनरनंतरच्या रिन्सला (धुवायच्या टाकीला) फिरवता येतं, एकच पाणी दोनदा वापरलं जातं.

ईटीपीवाली
थांबा! @अंबडचा_प्लेटर निकेलखाली कॉपर सायनाइड आहे का तुमच्याकडे? लिहिलं नाहीत. असेल तर ॲसिडचं पाणी त्या बाजूला चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी गॅस होतो, माणूस जागेवर जातो. सायनाइडची लाईन, पिट, सगळं वेगळं. क्रोमचं पाणीही वेगळंच हवं, त्याला आधी ॲसिडमध्ये पीएच २-३ ला आणून मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळ्याचं हिरवं झालं की मग चुना. सगळं एका टाकीत ओतलंत तर काहीच धड होत नाही.

इचलकरंजी_रंगारी
प्लेटिंगमधलं कळत नाही, आम्ही डाइंगवाले, पण आरओवर बोलतो. आरओ पाणी गायब करत नाही, चांगलं एका बाजूला आणि खारट रिजेक्ट दुसऱ्या बाजूला काढतो. ते रिजेक्ट टाकणार कुठे? इव्हॅपोरेटर (पाणी उकळून आटवायचं मशीन) लावलात तर वाफेचं बिल वेगळं. तिरुपूरला २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने डाइंग युनिट बंद करायला लावली, त्यानंतर तिथे झिरो डिस्चार्ज (सांडपाणी बाहेर अजिबात न सोडणं) आलं, पण आरओच्या मागे इव्हॅपोरेटर आणि मग उरलेल्या मिठाच्या गोण्या. आधी पाणी कमी करा, मग त्या कमी पाण्याचाच आरओ घ्या, साईझ आणि कोटेशन दोन्ही खाली येईल.

अंबडचा_प्लेटर
सगळ्यांना धन्यवाद. ताई, कॉपर सायनाइड नाही, डायरेक्ट ब्राइट निकेल. काल बादली लावली, निकेलनंतरच्या नळाला मिनिटाला १४ लिटर, आणि जेवणाच्या सुट्टीत लाईन बंद तरी नळ चालूच होता, मी स्वतः तिथे डबा खात बसलेलो असतो आणि कधी लक्ष गेलं नाही. वेल्डरला आडवा पाईप सांगितलाय. आता प्रश्न असा की पार्टिशन घातलं तर मोठ्या जिगला टाकी साडेतीन इंच कमी पडतेय. जिग बारीक करू की नवीन पीपीची (प्लास्टिकची) टाकी घेऊ?

जुना_जिगवाला
टाकी घ्या. जिग बारीक केली तर प्रॉडक्शन पडेल आणि पप्पा परत बोलणं बंद करतील. आणि नळाला टीडीएस मीटरवाला सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) लावा, पाणी घाण झालं तरच उघडतो. त्याचा प्रोब दर आठवड्याला पुसा मात्र, नाहीतर भलतंच रीडिंग दाखवतो.