फवारणी पंपाच्या बॅटरीसाठी घरगुती फ्लोट चार्जर, डायोड टाकल्यावर व्होल्टेज कमी पडतंय

बहार_धरला:
गावाकडं डाळिंबाची बाग हाय, पाठीवरच्या पंपात १२ व्होल्ट ८ एएचची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी. हंगाम संपला की पंप पत्र्याच्या शेडात पडून राहतो अन् पुढच्या वेळी काढावा तर बॅटरी मेलेली, म्हणून एलएम३१७ वर (व्होल्टेज एका जागी धरून ठेवणारी आयसी) कायम लावून ठेवता येईल असा, म्हणजे फ्लोट, चार्जर करालोय. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करायला ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, व्होल्टेज ठरवायला वर २४० ओहमचा रेझिस्टर, खाली २.२ के (२२०० ओहम) चा आणि ५०० ओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर). आउटपुट १३.७ केलं, पुढं करंट उलटा येऊ नये म्हणून १एन५४०८ डायोड लावला तर बॅटरीवर १३.१ च दिसतंय. डायोड काढू का?

रेडिओकाका:
अजिबात काढू नका. लाईट गेली की बॅटरी उलटी त्या आयसीत शिरते, आणि तुमच्या दोन रेझिस्टरमधूनच ५ मिलीअँप जात राहतात. डायोड राहू दे, प्रीसेट फिरवा. मात्र मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर लावा आणि बॅटरी फुल झाल्यावरच सेट करा, नुसत्या मोकळ्या डायोडवर रीडिंग फसवं येतं. १३.६ ठेवा. आयसीला हीटसिंक पाहिजेच, त्याचा पत्रा आतून आउटपुटलाच जोडलेला असतो, लोखंडी डब्याला टेकणार असेल तर मधी अभ्रक घाला, म्हणजे वीज डब्यात उतरणार नाही. बॅटरीच्या वायरीत फ्यूज टाकलाय ना?

जुळे_सोलापूरकर:
काका, १३.६ हे २५ डिग्रीचं गणित झालं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली ४० च्या वर आरामात जातं, आणि दर डिग्रीला साधारण २० मिलीव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे १३.३. नाहीतर सीलबंद बॅटरीतलं पाणी उडतं, वरून घालायची सोय नाही, शेवटी फुगते. आयसीच्या ॲडजस्ट पायाखाली डायोडची माळ लावून हे आपोआप करता येतं, पण एका पंपासाठी एवढं कोण करतंय. पाडव्याला प्रीसेट खाली आणा, मृग लागला की परत वर, बास.

भंगार_ते_सोनं:
कशाला एवढा कुटाणा बे. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घे, व्होल्टेज उतरवणारं एक्सएल४०१५ चं दोन प्रीसेटवालं (एक व्होल्टेजचा, एक करंटचा) तयार मोड्यूल घे, करंट ०.८ अँपवर बांध, व्होल्टेज काका म्हणतात तेवढं. गरमही कमी होतं. डायोड मात्र इथंबी लागतोच.

बहार_धरला:
काका, फ्यूज टाकतो. टर्मिनलवर १३.६ सेट केलं, आता शेडात न ठेवता घरात आणून लावतो. एक जुनी बॅटरी पण पडलीय, ९ व्होल्ट दाखवती, ती याच्यावर लावली तर उठंल का?

रेडिओकाका:
मुश्किल आहे. महिनोन्महिने रिकामी पडलेली असेल तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलंय. फ्लोटचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं एवढंच. साध्या चार्जरवर करंट कमी ठेवून १४.४ पर्यंत नेऊन बघा, मग सोडवून रात्रभर ठेवा. सकाळी १२.५ च्या वर असली तर पंपाला लावून बघा, ११ च्या आत आली तर एक सेल गेलाय, नवीन घेताना दुकानात बदल्यात देऊन टाका.